ट्रंकेतली कळ : एका लोखंडी तुकड्याची तारीख

सोलापूर, नळदुर्ग, गुलबर्गा, विजापूर या पट्ट्यातल्या मुस्लिम समाजाचा इतिहास शोधायला निघाले, की पहिली अडचण येते ती कागदांची. जहागीरदार, इनामदार, काझी यांच्या घरी सनदा सापडतात. एखाद्या दर्ग्याच्या मुजावरांकडे फर्मान जपून ठेवलेले असते. परंतु ज्यांच्या वाडवडिलांनी फौजेत शिपाईगिरी केली, किल्ल्यावर पहारा दिला, घोड्यांना नाल ठोकले, तलवारींना धार लावली, त्यांच्या घरात कागद नाही. त्यांचा इतिहास दोनच ठिकाणी उरला आहे : एक आडनावांत आणि दुसरा घरातल्या जुन्यापुराण्या वस्तूंत.

आडनावांचे म्हणाल तर मी ज्या उर्दू शाळेत शिकवते तिथली हजेरी वाचली तरी पुरे. शिकलगार, नालबंद, जमादार, गोलंदाज, नाईकवाडी ही नावे मी रोज सकाळी मोठ्याने उच्चारते. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार-पाणी देणारा. गोलंदाज म्हणजे तोफेचा गोळा डागणारा. मुलांना यातले काही ठाऊक नसते. “टीचर, गोलंदाज म्हणजे बॉलर ना?” असे एका मुलाने मला विचारले होते. क्रिकेटच्या मराठीत त्याचे म्हणणे अगदी बरोबर आहे. पण हा शब्द मैदानावर येण्याआधी किल्ल्याच्या बुरुजावर होता, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

वस्तूंची गोष्ट आणखी अवघड आहे. आडनाव लपवता येत नाही, वस्तू लपवता येते, आणि आपल्या समाजाने त्या लपवल्या आहेत. तलवारीचे पाते, कट्यारीची मूठ, बंदुकीची नळी अशी वस्तू घरात असणे म्हणजे संकटाला बोलावणे, ही भीती आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. त्यामुळे कितीतरी वस्तू विहिरीत गेल्या, भंगारात गेल्या. ज्या राहिल्या त्यांच्याभोवती खऱ्याखोट्या कहाण्या वाढल्या. अशाच एका वस्तूचा शोध मी इथे मांडणार आहे. तो घरच्या गोष्टीपुरता नाही. अशी वस्तू कशी ‘वाचायची’, हे आपल्यापैकी अनेकांना उपयोगी पडेल असे वाटते.

कल म्हणजे काय?

आमच्या आजोबांना आम्ही दादा म्हणत असू. ते नळदुर्गचे. १९४८ नंतर सोलापुरात आले आणि गिरणीत कामाला लागले. त्यांच्या मागे एक पत्र्याची ट्रंक राहिली. तिच्या तळाशी तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक लोखंडी तुकडा होता. दादी त्याला ‘कल’ म्हणत. आमच्या घरात दख्खनी बोलली जाते आणि उर्दूत कल म्हणजे यंत्र. तेव्हा हा गिरणीतल्या यंत्राचा सुटा भाग असणार, असे वडिलांच्या पिढीने ठरवून टाकले होते. मोहल्ल्यातल्या एका निवृत्त फिटर चाचांनी मात्र तो हातात घेताच सांगितले, “ये लूम का नहीं बेटी.” त्यांनी आयुष्यभर माग दुरुस्त केले होते. त्यांचा शब्द मी प्रमाण मानला.

मग मते येऊ लागली. तुकड्यावर एक पुसट प्राणी दिसतो. तो वाघ आहे असे समजून कोणी म्हणाले, ही टिपू सुलतानची निशाणी. कोणी म्हणाले, ही कुर्बान हुसेन यांच्या काळातली, मार्शल लॉच्या वेळची. एकाने आवाज खाली करून सांगितले, रझाकारांची असेल, कोणाला दाखवू नका.

पहिला धागा मिळाला तो दादींच्या शब्दातच. उर्दू शब्दकोशात ‘कल’ या शब्दाचा आणखी एक अर्थ असतो : बंदूक उडवणारे यंत्र, म्हणजे घोडा आणि कमान ज्या पाटावर बसवलेली असते ते. चकमकीच्या बंदुकीला हिंदुस्तानीत ‘पत्थरकला’ म्हणत. पत्थर म्हणजे गारगोटी आणि कला म्हणजे कल असलेली. मराठीतली ‘कळ’ हा याच शब्दाचा सख्खा भाऊबंद. कळ दाबणे, कळसूत्री बाहुली, कळीचा मुद्दा असे आपण रोज म्हणतो. म्हणजे दादी त्या वस्तूचे नाव बरोबरच सांगत होत्या. आमच्या कानांना त्याचा अर्थ कळत नव्हता.

आता त्या तुकड्याचे वर्णन करते. लोखंडी पाट पावणेसात इंच लांब आणि सव्वा इंच रुंद आहे. त्याचे एक टोक गोलसर, दुसरे निमुळते. बाहेरच्या अंगाला घोडा आहे. आतल्या अंगाला चिमट्यासारखी दुमडलेली जाड कमान आहे आणि ती दोन खाचा असलेल्या एका चकतीवर रेटून बसलेली आहे. घोडा अंगठ्याने मागे ओढला की पहिल्या खाचेत अडकतो. ही विसाव्याची जागा. आणखी ओढला की दुसऱ्या खाचेत बसतो आणि चाप दाबला की कमानीच्या जोराने पुढे आदळतो. दोनशे वर्षांची ही कमान अजून शाबूत आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

बंदुकीच्या चार पिढ्या

असा तुकडा ओळखायचा तर बंदुकीच्या चार पिढ्या माहीत असाव्या लागतात. भेद एकाच गोष्टीत आहे : दारूला विस्तव कसा लावायचा?

पहिली पिढी तोड्याच्या बंदुकीची. जळती जामगी, म्हणजे सुताची धुमसती वात, कानाजवळच्या रंजकीला टेकवायची. दख्खनमध्ये सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत हीच बंदूक शिपायांच्या आणि शेतकऱ्यांच्या हाती होती. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीत वात पुढे ढकलणारा दांडा लाकडी दस्त्याच्या पोटातच बसवलेला असे. त्याला असा स्वतंत्र पाट आणि अशी जाड कमान लागत नसे. म्हणजे आमचा तुकडा या पिढीतला नाही.

दुसरी पिढी चकमकीची. घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असते. ती पोलादी झाकणावर आदळते, ठिणग्या उडतात, झाकण उघडते आणि खालच्या वाटीतली रंजक पेटते. हा प्रकार अठराव्या शतकात फ्रेंचांच्या आणि इंग्रजांच्या कवायती पलटणींबरोबर दख्खनमध्ये पसरला. फ्रेंच सेनापती बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढून मारला गेला, हे आपण शाळेत शिकवतो. ‘गारदी’ हा शब्दही फ्रेंच भाषेतल्या पहारेकऱ्याच्या नावावरून आलेला आहे. त्याच्या पलटणीचे बळ या चकमकीच्या बंदुकीत आणि एकत्र बार काढण्याच्या कवायतीत होते.

तिसरी पिढी टोपीच्या बंदुकीची. अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ साली ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याचे पेटंट घेतले. पुढे तो मसाला तांब्याच्या इवल्याशा टोपीत भरला जाऊ लागला. घोडा टोपीवर आपटला की बार. पावसात रंजक भिजण्याची कटकट गेली. ब्रिटिश लष्कराने १८३० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत स्वीकारली. आपल्या खेड्यांतली ‘ठासणीची बंदूक’ बहुतेक वेळा हीच.

चौथी पिढी काडतुसाची. ती १८६० च्या दशकापासून आली. दारू, गोळी आणि टोपी एकाच पुडीत, आणि बंदूक मागून उघडणारी. तिचे यंत्र अगदी वेगळे दिसते.

आमच्या पाटावरच्या घोड्याचे तोंड पोकळ, वाटीसारखे आहे. गारगोटी धरायचा जबडा त्याला नाही. म्हणजे घोडा टोपीच्या बंदुकीचा. पण पाटाकडे नीट पाहिले तर वरच्या कडेला एक खाच पितळ वितळवून भरलेली दिसते. त्याच्या पुढे एक भोकही बुजवलेले आहे. त्या खाचेत पूर्वी रंजकीची वाटी बसत होती आणि त्या भोकात झाकणाच्या कमानीचा स्क्रू. म्हणजे हा पाट जन्माने दुसऱ्या पिढीतला आहे आणि नंतर त्याला तिसऱ्या पिढीत आणले गेले आहे. हे काम एकोणिसाव्या शतकात सरकारी कारखान्यांतही झाले आणि गावोगावच्या लोहारांनी, शिकलगारांनीही केले. पितळेचा तो ओबडधोबड भराव पाहता हे गावातल्या भात्यावरचे काम आहे, याविषयी मला शंका नाही.

सिंह कोणाचा?

उर्दूत इतिहासाला ‘तारीख’ म्हणतात. दिवस-महिना-वर्ष यालाही तारीखच म्हणतात. कोणत्याही वस्तूची तारीख लिहायची तर आधी तिच्यावर तारीख शोधावी लागते.

शाळेत मुले नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि छाप उमटवतात. तीच युक्ती मी पाटावर केली. पातळ कागद, मऊ शिशाची पेन्सिल आणि बाजूने धरलेला विजेरीचा तिरका प्रकाश. गंज खरवडायचा नाही, लिंबू-चिंच लावायची नाही. हळूहळू कागदावर मागच्या पायांवर उभा असलेला एक सिंह उमटला. त्याने पुढच्या पंजांत मुकुट धरलेला आहे. दुसऱ्या ठिकाणी १ आणि ८ हे आकडे इंग्रजीत दिसले, त्यापुढचे झिजून गेलेले आहेत.

हा सिंह ईस्ट इंडिया कंपनीचा. कंपनीच्या बंदुकांवर आधी चार भाग केलेल्या बदामाची आणि त्यात कंपनीच्या आद्याक्षरांची खूण असे. कंपनीच्या मालाच्या गाठींवरही तीच खूण असे, आणि १८५२ च्या प्रसिद्ध ‘सिंध डाक’ तिकिटावरही तो बदाम आहे. बंदुकांवर मात्र १८०८ च्या सुमारास बदाम जाऊन त्या जागी मुकुटधारी सिंह आला. १८५८ साली कंपनीचे राज्यच संपले. शिवाय मूळची घडण चकमकीची आहे, म्हणजे टोपीचा जमाना येण्याआधीची. तेव्हा हा पाट १८०८ ते १८४० च्या आसपास इंग्लंडात घडला, असा काळ ठरतो.

त्या बंदुकीचे नावच ‘इंडिया पॅटर्न’ होते. कंपनीने हिंदुस्थानातल्या पलटणींसाठी ३९ इंची नळीची ही बंदूक करून घेतली होती. ब्रिटिश सरकारची त्याआधीची नळी ४२ इंचांची होती. १७९३ नंतर फ्रान्सशी युद्ध जुंपले, बंदुका कमी पडू लागल्या, तेव्हा ब्रिटिश सरकारने कंपनीच्याच बंदुका विकत घेतल्या आणि पुढे हाच नमुना आपल्या सैन्यासाठी पत्करला. १८१५ साली वॉटर्लूच्या रणांगणावर इंग्रज शिपायांच्या हातात हीच ‘इंडिया’ नावाची बंदूक होती. तिच्या नळीचे तोंड पाऊण इंचाचे. तरबेज शिपाई मिनिटाला तीन बार काढी, पण शंभर यार्डांपलीकडे नेम लागणे नशिबावर असे.

आमच्या पाटाच्या आतल्या बाजूला प्रत्येक स्क्रूवर आणि त्याच्या भोकाशेजारी कानशीने मारलेल्या सारख्याच रेघा आहेत. एका बंदुकीचा स्क्रू दुसऱ्या बंदुकीला बसत नसे. म्हणून कारागीर अशा खुणा करून ठेवीत. इंग्लंडातल्या एका अनाम कारागिराच्या त्या रेघा आणि दख्खनमधल्या एका अनाम कारागिराचा तो पितळी भराव, दोन्ही आज एकाच पाटावर आहेत.

आता मोहल्ल्यातली मते तपासू. टिपू सुलतान १७९९ साली श्रीरंगपट्टणला शहीद झाले. त्यांच्या कारखान्यातल्या शस्त्रांवर वाघ आणि वाघाच्या अंगावरचे पट्टे असत. मुकुट घेतलेला हा सिंह त्यांच्या शहादतीनंतरचा आणि त्यांच्या शत्रूचा आहे.

मार्शल लॉचे मतही टिकत नाही. ८ मे १९३० ला सोलापुरात गोळीबार झाला, मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. त्या काळच्या पोलिसांच्या बंदुका काडतुसाच्या होत्या. आणि कुर्बान हुसेन यांचे हत्यार म्हणजे गिरणी कामगारांची संघटना आणि ‘गझनफर’ हे साप्ताहिक. गझनफर म्हणजे सिंह. सोलापूरच्या मुसलमानांना अभिमानाने मिरवायला तो कागदाचा सिंह पुरेसा आहे. त्यासाठी कंपनीच्या सिंहाला हुतात्म्यांच्या नावावर चढवण्याची गरज नाही.

नळदुर्गपर्यंतची वाट

इंग्लंडातली बंदूक नळदुर्गच्या शेतकऱ्याच्या घरी कशी आली? इथे या प्रदेशाचा इतिहास मदतीला येतो.

नळदुर्ग म्हटले की इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात १६१३ साली बोरी नदीवर बांधलेला पाणीमहाल आणि उपळी बुरुजावरच्या दोन लांबलचक तोफा आठवतात. पण एकोणिसाव्या शतकातली कथा कमी सांगितली जाते. १८१३ च्या सुमारास हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल याने निजामाच्या खर्चाने कवायती पलटणी उभ्या केल्या. ‘रसेल ब्रिगेड’ असे त्यांना म्हणत. त्यांची शस्त्रे, पोशाख, कवायत सगळे कंपनीच्या धर्तीवर होते. याच फौजेचा पुढे हैदराबाद कंटिंजंट झाला. तिच्या खर्चापायी निजाम कर्जात बुडाला आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गकडचा मुलूख कंपनीच्या कारभारात गेला. नळदुर्गला कारभारी म्हणून आला तो कर्नल मेडोज टेलर, ठगांवरच्या कादंबरीमुळे प्रसिद्ध झालेला लेखक. हा मुलूख १८६० साली निजामाला परत मिळाला.

म्हणजे कंपनीची शस्त्रे बाळगणारी फौज इथे दोन-तीन पिढ्या वावरत होती. १८४० नंतर टोपीच्या नव्या बंदुका आल्या, तशा चकमकीच्या जुन्या बंदुका मोडीत निघाल्या. अशा बंदुका शिबंदीकडे, गावकामगारांकडे आणि शेतकऱ्यांकडे झिरपत गेल्या. लोहाराने वाटी काढून टोपी बसवली की ज्वारीतली रानडुकरे हाकलायला ती आणखी शंभर वर्षे चालत असे. ब्रिटिश मुलखात १८५७ नंतर लोकांची शस्त्रे काढून घेतली गेली आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक ठेवणे गुन्हा ठरले. सोलापूर ब्रिटिश मुलखात होते आणि पन्नास किलोमीटरवरचे नळदुर्ग निजामाच्या. सरहद्दीच्या दोन बाजूंना कायदा वेगळा होता.

इथे एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो : मग आपले पूर्वज कोणाच्या बाजूने होते? या प्रश्नाचे उत्तर सोलापूरच्या किल्ल्यात आहे. मे १८१८ मध्ये थॉमस मन्रोने सोलापूरला वेढा दिला. आतून पेशव्यांचे पायदळ लढत होते, त्यात अरब शिपाई होते. बाहेरून चालून आलेल्या कंपनीच्या मद्रासी फौजेतही मुसलमान शिपाई होते. तटाच्या दोन्ही बाजूंना आपलीच नावे होती, जशी दोन्ही बाजूंना हिंदू नावेही होती. पगार देईल त्याची चाकरी हा त्या काळचा सर्वमान्य धंदा होता. आजच्या काळात कोणी आपल्या पूर्वजांना सरसकट परकीय म्हणतात आणि आपल्यातले काही जण त्यांना सरसकट गाझी करून टाकतात. लोखंडी पाटावर यांपैकी एकाही गोष्टीचा पुरावा नाही. तिथे पोटासाठी कष्ट करणाऱ्या माणसांच्या हातांचे ठसे आहेत.

१९४८

राहिले ते दबक्या आवाजातले मत. त्याला उत्तर देणे सर्वांत कठीण, पण टाळता येत नाही.

वस्तूवरची खूण तिचा जन्म सांगते, शेवटचा उपयोग सांगत नाही. रझाकारांकडे आधुनिक शस्त्रे थोडी होती. बहुतेकांच्या हातात ठासणीच्या बंदुका, तलवारी आणि भालेच होते. तेव्हा केवळ पाट पाहून कोणी संशय घेतला तर त्याला लोखंडापुरता आधार आहे.

कासीम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव केलेले अत्याचार खरे आहेत. त्यांच्या भीतीने हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून सोलापूर जिल्ह्यात आली होती. रझाकारांना विरोध करणारे मुसलमानही होते. ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्लाह खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये त्याच कारणासाठी हत्या झाली. १३ सप्टेंबर १९४८ ला मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्य सोलापुराहून निघाले. पहिली लढाई नळदुर्गलाच झाली. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला आणि मार्ग मोकळा झाला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

त्यानंतरचे आठवडे आपल्या पाठ्यपुस्तकांत नाहीत. भारत सरकारने पाहणीसाठी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने, सावध अंदाज म्हणून, २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचे नोंदवले. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता. बाकीचे गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. हा अहवाल कित्येक दशके दडलेला होता. त्या दिवसांत ज्याच्या घरात बंदूक सापडेल तो रझाकार, एवढाच न्याय अनेक ठिकाणी होता. मग ती बंदूक रानडुकरांसाठी का असेना.

आता पाटाकडे परत पाहू. लाकडी दस्त्यात पाट पक्का धरणारे दोन लांब स्क्रू असतात. ते इथे नाहीत, पण त्यांच्या भोकांतले आटे जसेच्या तसे आहेत. कमान मोडलेली नाही, घोडा वाकलेला नाही. म्हणजे पाट तोडून काढलेला नाही, नादुरुस्त म्हणूनही काढलेला नाही. कोणीतरी शांतपणे, हत्यार लावून, दोन्ही स्क्रू फिरवून तो बंदुकीपासून वेगळा केला आहे. पाट काढला की बंदूक बंदूक राहत नाही, नुसता नळ उरतो.

दादी एक वाक्य नेहमी म्हणत. घरात सगळ्यांना ते पाठ होते, अर्थ कोणालाच लागत नव्हता. “नली नद्दी में गई, कल घर में रही.” दादा शेतकरी होते, रझाकारांत गेले नव्हते, असे दादी शपथेवर सांगत. त्या वाक्यातली नळी कोणती आणि नदी कोणती, हे पाटाने मला सांगितले. बोरीच्या पात्रात बंदूक टाकण्याआधी दादांनी तिची कळ काढून घेतली. नदीतून ती नळी उद्या कोणाच्याही हाती लागली तरी तिच्यातून पुन्हा बार निघू नये, एवढी काळजी त्या बावीस-तेवीस वर्षांच्या शेतकऱ्याने घेतली असावी, असे मला वाटते. मग ती कळ घेऊन ते सोलापुरात आले आणि गिरणीच्या साच्यावर उभे राहिले. तिच्याविषयी एक शब्द न बोलता ते गेले.

आपल्या घरातले लोखंड

हे सर्व लिहिण्याचा हेतू हा, की अशा वस्तू आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहेत आणि दर सफाईला त्यातल्या काही भंगारात जातात. वाचकांना काही गोष्टी सुचवते.

कायद्याची भीती नेमकी किती बाळगायची, हे आधी समजून घ्यावे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट दिलेली आहे. जी जुन्या धाटणीची, पुरातन मोलाची किंवा मोडकी शस्त्रे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाहीत, त्यांना हा कायदा लागू नाही. पूरक भागांशी जोडून वापरण्याचा हेतू नसलेल्या किरकोळ सुट्या भागांनाही तीच सूट आहे. चालू शकणारी अख्खी बंदूक, मग ती ठासणीची का असेना, परवान्याशिवाय ठेवता येत नाही. शंका असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावा. जुने काडतूस किंवा भरलेली नळी सापडली तर तिला हात लावू नये, पोलिसांना कळवावे.

वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नये. गंजाबरोबर खुणाही जातात. कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हलका हात द्यावा. चारी बाजूंनी फोटो काढावेत, शेजारी पट्टी ठेवून मापे घ्यावीत. खुणांचे पेन्सिलीने ठसे घ्यावेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जुनी शस्त्रे मांडलेली आहेत, त्यांच्याशी ताडून पाहावे. आणि घरातल्या बुजुर्गांना त्या वस्तूविषयी विचारावे. ते जो शब्द वापरतील तोच, त्यांच्याच बोलीत, जसाच्या तसा लिहून ठेवावा. त्याचे ‘शुद्ध’ मराठी किंवा उर्दू करू नये. दादींचा ‘कल’ कोणी ‘मशीन का पुर्जा’ असा सुधारून लिहिला असता तर वाट तिथेच बंद झाली असती.

माझ्या वर्गात मी मुलांना दरवर्षी एक काम देते. घरातली सर्वांत जुनी वस्तू शोधा, तिचे चित्र काढा आणि खाली तीन ओळी लिहा : ही कोणी वापरली, कुठून आली, हे तुम्हाला कोणी सांगितले. वस्तू शाळेत आणायची नाही. वह्यांत पानदाने येतात, गिरणीचे बिल्ले येतात, मागाचे धोटे येतात, एकदा शिकलगाराची साण आली. तिसरी ओळ बहुतेकांची सारखीच असते : दादी ने बताया, नानी ने बताया. त्या दाद्या आणि नान्या आता थोड्याच राहिल्या आहेत. ज्यांच्या घरी त्या आहेत त्यांनी या ईदच्या सुट्टीत त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे.